तळ्याकाठची वस्ती

ऑस्ट्रिया देशातील हालश्टाट हे गाव आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. नाव ठाऊक नसले तरी चित्र ठाऊक असेल. दिनदर्शिकेच्या पानावर किंवा चॉकलेटच्या डब्याच्या झाकणावर ते हटकून आढळते. काळेशार तळे, त्यात उलटे पडलेले डोंगर, काठावर दाटीने उभी असलेली लाकडी घरे आणि त्यांच्यामधून वर गेलेला चर्चचा निमुळता मनोरा, असे ते चित्र असते. सावंतवाडीच्या मोती तलावाचे चित्र मात्र कोणत्याही डब्यावर आमच्या पाहण्यात नाही.

या दोन्ही गावी आमचे जाणे झाले, आणि तेही थोड्या महिन्यांच्या अंतराने. दोन्ही गावे जुनी, दोन्ही तळ्याकाठची, दोन्हींच्या पाठीशी डोंगर. परंतु एका गावाला पाहुणे नकोसे झाले आहेत आणि दुसरे गाव पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे. आम्ही सावर्ड्याची माणसे. आमच्या दारावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, आणि त्या महामार्गाच्या चौपदरीकरणाबरोबर 'पर्यटन' हा शब्दही आमच्या गावात मुक्कामाला आला आहे. ज्याच्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, तो त्यांना रंग देण्याच्या विचारात आहे. आमच्या घरीही हा विषय निघाला आहे. म्हणून या दोन गावांविषयी लिहावेसे वाटले.

2023 च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही उभयता लिंत्स येथे आमच्या कन्येकडे गेलो होतो. ती तेथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या एका सुटीच्या दिवशी तिने आम्हांस हालश्टाटला नेले. आगगाडीचे स्थानक तळ्याच्या पैलतीरी आहे. गाडीतून उतरायचे, चार पावले उतरून धक्क्यावर यायचे आणि होडीने गाव गाठायचे. अशी ही वाट. 1890 पर्यंत तर गावाला रस्ताच नव्हता. येणे-जाणे पाण्यावरून किंवा डोंगरातील पायवाटांनी. होडी सुटली आणि गाव हळूहळू मोठे होत समोर आले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी नकळत क्रुसाची खूण केली. चित्र जिवंत होताना पाहणे म्हणजे काय, ते तेव्हा कळले.

काठावर पाय ठेवताच ते चित्र मोडले. साडेसातशे-आठशे वस्तीचे गाव; भर हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसे तेथे येतात असे सांगतात. आम्ही गेलो तो दिवस त्या मानाने मोकळा म्हणायचा, तरी गल्लीतून चालताना खांद्याला खांदा लागत होता. घराघराच्या दारावर निरनिराळ्या भाषांतून, चिनी आणि कोरियन लिपींतूनही, विनंती लिहिलेली: शांत राहा, हे आमचे घर आहे, दार उघडू नका. लोक दार उघडून आत डोकावतात! हे गाव खरोखरीचे नसून देखावा आहे, आतील माणसे पगारी आहेत असे काहींना वाटत असावे. वाटल्यास नवल नाही. चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात एका खाणउद्योगातील कंपनीने या गावाची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि 2012 साली ती खुलीही केली. ज्याची नक्कल विकत मिळते, त्या अस्सल वस्तूचीही किंमत मग लोक नकलेइतकीच करतात.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात गावकऱ्यांनी छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जागी लाकडी कुंपण घालून तळ्याचा देखावा झाकून टाकला होता. ओरड झाल्यावर ते काढावे लागले. ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी मोर्चा काढला. आपल्याकडे पाणी मिळावे, रस्ता व्हावा म्हणून मोर्चे निघतात. 'कृपा करून आमच्याकडे कमी या' असे सांगण्यासाठी निघालेला मोर्चा आम्ही तेव्हाच प्रथम ऐकला.

आता या गावाचे मूळ पाहिले पाहिजे, कारण ते पाहिल्याशिवाय गावकऱ्यांचा संताप उमजत नाही. हे गाव देखाव्यासाठी वसलेले नाही. ते मिठासाठी वसले. वरच्या डोंगरात मिठाचे थर आहेत, आणि माणूस तेथे काही हजार वर्षांपासून मीठ खणत आला आहे. त्या खाणीत सापडलेला एक लाकडी जिना ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातला आहे. मिठाने तो कुजू दिला नाही. योहान गेओर्ग रामझाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याने 1846 ते 1863 या काळात वरच्या दरीत 980 प्राचीन थडगी उकरून त्यांच्या नोंदी व चित्रे करून ठेवली. त्यावरून युरोपच्या लोहयुगाच्या आरंभीच्या एका अख्ख्या कालखंडालाच या गावाचे नाव मिळाले. पुढे सरपणाचे जंगल अपुरे पडू लागले, तेव्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस खारे पाणी दूर एबेनझे गावी नेण्यासाठी तेरा हजार झाडांचे ओंडके पोखरून चाळीस किलोमीटरांची नळवाट घातली. आपल्या शिरोड्याच्या मिठागरात मीठ सूर्य करतो, माणूस ते ओढतो. येथे माणसाने डोंगर पोखरून ते काढले. आणि शिरोड्याच्या मिठासाठी 1930 साली आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तशी या मिठालाही माणसांच्या दुःखाची चव आहे.

ते दुःख आपल्या वाचकांनी ऐकावे असे आहे. या खाणकामगारांपैकी पुष्कळजण सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट झाले. कॅथॉलिक राजसत्तेने त्यांना ते कधी विसरू दिले नाही. 1734 साली सम्राट सहाव्या कार्लच्या आज्ञेने या खोऱ्यातील प्रॉटेस्टंट कुटुंबांना घरेदारे सोडायला लावून नदीमार्गे दूर ट्रान्सिल्व्हानियात पाठवण्यास आरंभ झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी खाणीत मिठाने जतन केलेला एका प्राचीन खाणकामगाराचा देह सापडला, आणि गावाने त्याला पुरण्यासाठी आपल्या मातीत जागा दिली. हजारो वर्षांपूर्वीच्या परक्याला जागा मिळाली; शेजाऱ्याला मिळाली नाही. धर्मस्वातंत्र्याचा फर्मान 1781 मध्ये निघाला. आज सर्व छायाचित्रांत तळ्याकाठी जो निमुळता मनोरा दिसतो, तो त्या प्रॉटेस्टंटांच्या चर्चचा आहे. आपले कॅथॉलिक चर्च वर, पायऱ्या चढून गेल्यावर. हे ऐकून आमच्या मनात काही काळ कालवाकालव झाली. गावावरचे मानाचे स्थान काळाने कोणाला दिले ते पाहून आम्हांस बरेच वाटले, असे म्हटले तर वाचकांनी राग मानू नये.

वरच्या मरियामातेच्या चर्चमध्ये लेओनहार्ट आस्टल या कारागिराने सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कोरलेली पंखांची वेदी आहे. ती पाहताना वेळ कसा गेला ते कळले नाही. परंतु आम्ही गुंतलो ते शेजारच्या संत मिखाएलाच्या कपेलात. कपेलाच्या तळाशी अस्थिगृह आहे. गावाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी. कबरस्थान वाढवायला जागाच नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडीत, डोक्याची कवटी स्वच्छ करून उन्हा-चांदण्यात पांढरी होऊ देत आणि मग तिच्यावर मृताचे नाव, मृत्यूचे साल व फुलापानांची माळ रंगवून या घरात कुटुंबवार मांडून ठेवीत. बाराशेहून अधिक कवट्या तेथे आहेत. सहाशे दहांवर रंगकाम आहे. अगदी अखेरची कवटी 1995 साली ठेवली. 1983 मध्ये वारलेल्या एका बाईची ती, तिच्याच इच्छेप्रमाणे. तिचा सोन्याचा दात अजून दिसतो.

आमच्या बरोबर आत आलेली तरुण मंडळी हसत, किंचाळत, फोनवर चित्रे घेत होती. आम्हांला हसू येईना. मुंबईतील आपल्या कबरस्थानांची स्थिती आपणा सर्वांना ठाऊक आहे. जागा नाही म्हणून थोड्याच वर्षांत कबर पुन्हा उघडते. ज्यांना कोनाडा घेणे जमते ते अस्थी कोनाड्यात ठेवतात, इतरांच्या अस्थी कोठे जातात हे आपण सहसा विचारीत नाही. आमच्या एका मावशीच्या बाबतीत हे घडले. कबर उघडल्याचे पत्र गावी पोचेपर्यंत तेथे दुसरे नाव लागले होते. हालश्टाटच्या खोदणाऱ्याने जागेच्या अडचणीतून वाट काढताना प्रत्येकाचे नाव राखले, बायकांना गुलाब दिले, बाप्यांना ओकची पाने दिली. तेथे आम्ही मावशीसाठी आणि नाव न राहिलेल्या सर्वांसाठी एक 'हे आमच्या बापा' म्हटला. आमचा आवाज ऐकून ती तरुण मंडळी क्षणभर गप्प झाली, हेही नमूद करायला हवे.

बाहेर मेणबत्त्यांजवळ बसलेल्या एका वृद्ध बाईंशी कन्येने जर्मनमधून गोष्टी केल्या. ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक येथे सतराव्या शतकापासून होड्यांतून तळ्यावर निघते, हे त्यांनीच सांगितले. रस्ता अरुंद, म्हणून पाण्याचाच रस्ता केला. त्या दिवशी एका होडीत धर्मगुरू पवित्र साक्रामेंत घेऊन उभे असतात आणि भोवती गावच्या होड्या. "त्या दिवशीही बाहेरचे पुष्कळ येतात, पण त्या दिवशी निदान तळे आमचे असते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, तुमचे बिशप कोठे राहतात? आम्ही सांगितले, तेही एका तळ्याकाठच्या गावीच. "तेथेही असेच लोक येतात का?" आम्ही म्हटले, "नाही, तेथून सगळे पुढे जातात." बाई हसल्या आणि कन्येला काहीसे म्हणाल्या. कन्येने त्याचे भाषांतर केले: "भाग्यवान आहात."

सावंतवाडीला जाण्याचे आम्ही तेथेच ठरवले. कामानिमित्त पूर्वी जाणे होत असे. या वेळी केवळ गाव पाहण्यासाठी जायचे होते. नाताळ उलटून 2024 चा जानेवारी लागला तेव्हा सावर्ड्याच्या स्थानकावर दिवा-सावंतवाडी गाडीत बसलो. ही गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते, म्हणून घाईची माणसे तिला नावे ठेवतात; आमच्यासारख्यांना कोकण दिसते ते याच गाडीतून. उक्षीनंतर साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा आला, सर्वांनी बोलणे थांबवले आणि प्रकाश दिसताच जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू केले. आमच्या डब्यातील तरुण मुलांचे एक टोळके गोव्याला निघाले होते. सावंतवाडीला उतरून पुढची गाडी धरणार. सावंतवाडीत काय आहे, असे आम्ही त्यांना विचारले. "गाडी बदलायची असते," एकाने उत्तर दिले.

त्या मुलाचा दोष नाही. कोकण रेल्वेचे 'सावंतवाडी रोड' स्थानक मळगावात, शहरापासून सात-आठ किलोमीटर दूर. महामार्गाचा नवा रस्ता झारापवरून पत्रादेवीकडे परस्पर जातो. शहरात शिरायचे तर मुद्दाम वळावे लागते. जानेवारी 2023 पासून पलीकडे मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे. तेथे उतरलेला पाहुणाही दक्षिणेकडे तोंड करूनच बाहेर पडतो. एखाद्या गावाला वळसा घालून जाण्याची इतकी चोख व्यवस्था क्वचितच पाहायला मिळेल.

रिक्षा बाजारातून वळली आणि मोती तलाव समोर आला. 1874 साली वाहत्या पाण्याला बांध घालून तो केला. म्हणजे हालश्टाटचे तळे देवाने केले आणि हे माणसाने. मात्र माणसाने ते गावाबाहेर केले नाही, गावाच्या अगदी मधोमध केले. एका काठाला राजवाडा, दुसऱ्याला बाजार, कचेऱ्या, शाळकरी मुले, भजीची गाडी, पाठीमागे नरेंद्र डोंगर. गणपती याच पाण्यात जातात. संध्याकाळी सारे गाव या काठावर फिरायला येते. केशवसुत कट्ट्यावर निवृत्त मंडळी ठरलेल्या जागी बसतात आणि नवख्या माणसाकडे, म्हणजे आमच्याकडे, निरखून पाहतात. हालश्टाटमध्ये आम्ही गावकरी शोधत होतो. येथे गावकरी आम्हांस शोधत होते.

'सुंदरवाडी' हे या गावाचे जुने नाव. सावंत-भोसल्यांची ही राजधानी. पोर्तुगीज, पेशवे, कोल्हापूरकर आणि इंग्रज यांच्यामध्ये सापडलेले हे संस्थान कधी लढून, कधी तह करून तगले. तिसरे खेमसावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात, राजवाडा उभा राहिला. 1924 ते 1937 या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या बापूसाहेब महाराजांचे नाव आजही लोक ज्या आदराने घेतात, तो आदर इतिहासाच्या पुस्तकातून येत नसतो. 1948 मध्ये संस्थान विलीन होऊन आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. तेहतीस वर्षे आम्ही एकाच जिल्ह्याचे होतो. मग 5 जुलै 2005 रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत निराळा झाला, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे आले. सरकारने तोडलेले ख्रिस्तसभेने पुन्हा जोडले, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

राजवाड्यात गंजिफा पाहिला. ही पत्त्यांची गोल पाने. तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर हा खेळ येथील दरबारात आला असे सांगतात. दशावतारी गंजिफ्याचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. दिवसा खेळायला बसले तर रामाच्या रंगाने आरंभ, रात्री बसले तर कृष्णाच्या. कागदाला चिंचोक्याची खळ देऊन, घोटून, हातानेच प्रत्येक पान रंगवावे लागते. छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. एक वेळ अशी आली, की ही पाने रंगवणारे पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध कारागीर राहिले. तेव्हा शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः त्यांच्यापाशी बसून ही कला शिकून घेतली आणि 1971 च्या सुमारास राजवाड्यातच काम सुरू केले. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, राणीसाहेब 2018 मध्ये. दरबारात आजही कलाकार बसून रंगवताना दिसतात. राजाने कलेला आश्रय देणे ही नित्याची गोष्ट. राजाने कारागिरापुढे शिष्य होऊन बसणे ही निराळी गोष्ट आहे, आणि या गावचे राजेपण आम्हांस तेथे दिसले. राजवाड्याच्या एका भागात अलीकडे अतिथिगृह झाले आहे. घर राखायचे तर असे काही करावे लागते. परंतु घरची माणसे त्याच घरात राहतात, हे महत्त्वाचे.

तेथून चितारआळीत आलो. लाकडी फळांनी, भाज्यांनी, भातुकलीने, भोवऱ्यांनी भरलेली दुकाने दुतर्फा. आंबा, केळी, सीताफळ, कापलेले कलिंगड, सारे इतके हुबेहूब की आमच्या सौभाग्यवतींनी काजूचे बोंड उचलून वास घेतला. एका दुकानामागच्या कारखान्यात शिरलो. साठीच्या पलीकडचे एक चितारी लेथवर बसले होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, की उष्णतेने रंग वितळून लाकडाला बसतो. मग केवड्याच्या पानाने घोटून चकाकी आणायची. पाहता पाहता एक भोवरा झाला. आमच्या हातात तो दिला तेव्हा ऊब अजून होती.

ते बोलके होते. पांगारा पूर्वी बांधाबांधावर असे, आता तो मिळेनासा झाला आहे, शिवण महाग. प्लास्टिकची फळे बाहेरून येतात, लाकडीच्या शेजारीच मांडावी लागतात, कारण गिऱ्हाईक दोन्ही मागते. मुलगा गोव्यात एका हॉटेलात नोकरीला आहे. "थय पगार पैल्या तारखेक मिळता. हय फळा झाली की मिळता," असा त्यांनी हिशेब सांगितला. मुलाबद्दल तक्रार नव्हती. चतुर्थीला येतो, तेव्हा दोन दिवस लेथवर बसतो, हात अजून विसरलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

आम्ही त्यांना हालश्टाटची हकिगत सांगितली. दारे उघडून आत पाहणारे पाहुणे, कुंपण, मोर्चा. त्यांनी लेथ थांबवून सारे ऐकले आणि विचारले, "तेंच्या पोरांक गाव सोडूक लागता?" प्रश्न मर्मावर होता. हालश्टाटमध्येही तरुणांना गाव सोडावे लागते. घरे पाहुण्यांसाठी राखून ठेवल्यावर गावच्या पोरांना परवडणारी खोली मिळत नाही. म्हणजे पाहुणे आले नाहीत म्हणून एका गावचा मुलगा गेला, आणि पाहुणे फार आले म्हणून दुसऱ्या गावचा. हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मगे आमका मधला कायतरी होया." या विषयावर आम्ही वाचलेल्या सर्व लेखांपेक्षा हे वाक्य आम्हांस अधिक कामाचे वाटले.

हा 'मधला' मार्ग कोणता, याचाच वाद आमच्या घरी चालू आहे. आमचे चिरंजीव पुण्यात असतात. सावर्ड्याचे घर पाहुण्यांना द्यावे, आम्ही त्यांच्याकडे राहायला जावे, देखरेखीला एखादा माणूस ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. ते प्रेमापोटी आहे हे आम्ही जाणतो. परंतु हालश्टाटच्या अनेक खिडक्यांतून आम्ही फुलांच्या कुंड्या पाहिल्या आणि त्यांच्यामागे माणूस नव्हता. दोन खोल्या आम्ही अवश्य देऊ. येणाऱ्याला सोलकढी देऊ, देवघरातल्या क्रुसाविषयी विचारले तर सांगू, पहाटे जपमाळेचा आवाज आला तर त्याला तो ऐकावा लागेल. घराची किल्ली मात्र आमच्याकडे राहील. संत बेनेदिक्ताने आपल्या नियमावलीत आलेल्या पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावे असे सांगितले आहे. पण स्वागत करायला घरी कोणीतरी असावे लागते, हे त्याने गृहीतच धरले असावे. चिरंजीवांना हे अजून पटलेले नाही. पुढच्या सुटीत पुन्हा बोलणे होईल.

संध्याकाळी मिलाग्रीस मातेच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सेला गेलो. ऑस्ट्रियातील चर्चमध्ये बाके मोकळी आणि पाठीमागे छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी, असे दृश्य होते. येथे साधा आठवड्याचा वार, तरी शाळेतील मुले, बाजारातून परस्पर आलेल्या बायका, पिशवीतून डोकावणारी माडाची झावळी, सारे होते. मिस्सा मराठीतून झाली. मिस्सेनंतर अंगणात जी बोलणी झाली ती मालवणीतून आणि कोंकणीतून. सावर्ड्याहून आलो म्हणताच एका बाईंनी, "म्हणजे आमचेच," असे म्हणून आम्हांस चहाला नेले. आमच्या भागात आपली घरे विखुरलेली. मिस्सेसाठी, बाप्तिस्म्यासाठी, लग्नासाठी वाट चालावी लागते. ज्या गावात बिशपांचे आसन आहे तेथे कोणी 'आमचेच' म्हटले, की धर्मप्रांत हा नकाशावरचा शब्द राहत नाही. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांसाठी आमच्या मावशीचे नाव येथे वाचले जाईल, अशी व्यवस्था त्या बाईंनीच करून दिली. नाव, आडनाव आणि साल त्यांनी वहीत लिहून घेतले.

रात्री तलावाला फेरी मारली. राजवाड्याच्या बाजूला अंधार होता, बाजाराच्या बाजूचे दिवे पाण्यात लांबले होते. कट्ट्यावरील एका गृहस्थांनी आम्ही कोण, कोठले, सावंतवाडीत कोणाकडे उतरलो याची चौकशी केली आणि हॉटेलात उतरलो हे ऐकून हळहळले.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी पुन्हा चितारआळीत गेलो. नाताळच्या गोठ्यासाठी लाकडी मूर्ती करून देता येतील का, असे आम्ही चितारीदादांना विचारले. आजवर आपल्या घरांतून प्लास्टरच्या मूर्ती असतात. दर वर्षी एखाद्या मेंढराचा पाय मोडतो. त्यांनी कागद पुढे केला. बाळ येशू, मरिया, योसेफ यांचे कपडे कसे, हे सौभाग्यवतींनी काढून दाखवले. मेंढरे सहा, गाय एक, गाढव एक, मेंढपाळ दोन, येथवर अडचण आली नाही. तीन राजांपाशी ते खूश झाले. राजे त्यांच्या हातातले होते. उंटापाशी मात्र थांबले. "उंट आमी कधी करूक नाय. घोडो करतंव, हत्ती करतंव. तेचा वशिंड खय येता?" आम्ही सांगितले. त्यांनी पेन्सिलीने एक टेकडी काढली, मान काढली आणि बराच वेळ पायांकडे पाहत राहिले. किंमत ठरली, निम्मे पैसे आगाऊ दिले. मुलगा चतुर्थीला आला की त्याच्याकडून रंगवून घेईन, म्हणाले.

आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात पेटी सावर्ड्याला पोचली. मेंढरांना लाखेची चकाकी होती, गाढवाचे कान थोडे लांब होते, आणि तिन्ही राजांच्या मागे उभा असलेला उंट वशिंडापर्यंत उंट होता, त्याखाली घोडा. पेटीत एक चिठ्ठीही होती. पुढील वर्षी पाय सुधारून देतो, असे मुलाच्या अक्षरात लिहिले होते.